‘शहाणी पोर’ कुणाच्या सोयीची?

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला मसूर स्टेशनचा प्रसंग आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला पाठ आहे. १९०१ चा उन्हाळा, नवे कपडे घालून निघालेली मुलं, जात कळताच बदललेला स्टेशन मास्तर, दुप्पट भाडं देऊन स्वतःच हाकावी लागलेली बैलगाडी, रात्रभर न मिळालेलं पाणी. जयंतीच्या भाषणात तो सांगितला जातो आणि सांगायलाच हवा. पण त्या प्रसंगाच्या आधी बाबासाहेबांनी घरची जी स्थिती मोजक्या वाक्यांत सांगितली आहे, तिथे कुणी थांबत नाही. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल. बहिणी लग्न होऊन सासरी. साताऱ्याच्या घरात एक आत्या, अत्यंत मायाळू, पण पायांनी अधू. कित्येकदा तिला उचलून न्यावं लागे. आणि चार मुलं. ही मुलं शाळेत जायची आणि स्वयंपाकही करायची. भाकरी-पोळी जमत नव्हती, म्हणून पुलाव शिजवायची. तांदूळ आणि मटण एकत्र केलं की झालं, त्यातल्या त्यात सोपं.

दहा वर्षांचा भीमराव म्हणजे शाळा शिकता शिकता आत्याला सांभाळणारं, चूल पेटवणारं मूल. आम्ही हे सांगतो तेव्हा काही कार्यकर्त्यांना ते किरकोळ वाटतं. अस्पृश्यतेच्या भीषण अनुभवापुढे पुलावाचं काय घेऊन बसलात? आमचं म्हणणं असं की बाबासाहेबांना ते किरकोळ वाटलं असतं तर त्यांनी ते लिहिलंच नसतं.

आज जगात अशा मुलांना ‘यंग केअरर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्याने त्यांना ओळख मिळाली. घरातल्या आजारी, अपंग किंवा वृद्ध माणसाला सांभाळणारं अठरा वर्षांखालचं मूल दिसलं, तर त्याला कोणती मदत लागते हे तपासणं तिथल्या स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झालं. त्यांच्यासाठी नाटकाचे, गाण्याचे, चित्रांचे वर्ग चालतात. आपल्याकडे अजून शब्दही नाही. ‘बालमजूर’ म्हणावं तर हातात मजुरी पडत नाही. ‘बाल काळजीवाहक’ हा शब्द फायलीत शोभेल, वस्तीवर कुणाला कळणार नाही. आम्ही साधं ‘सांभाळणारी मुलं’ म्हणतो, आणि आमच्या जिल्ह्यात त्यात धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलं-मुलीही धरतो. त्यांना वगळलं तर यादीत फारसं कुणी उरणार नाही.

धाराशिव जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण. आकांक्षा कुणाच्या हे सोडून देऊ. आम्ही कळंब, वाशी, भूम या भागातल्या वस्त्यांवर काम करतो. दसरा-दिवाळी झाली की इथून टोळ्या उसाला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. त्यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत, पारधी आहेत. मागे गावात राहतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. कागदावर आजी नातवंडांना सांभाळते. प्रत्यक्षात आजीला मोतीबिंदू असतो, आजोबांना दम्याचा पंप लागतो, आणि सहावीतला नातू सकाळी पाणी भरून, आजोबांना आंघोळ घालून शाळेत उशिरा पोचतो. ज्या मुली आईबापाबरोबर जातात त्यांचं वेगळंच. पहाटे आई फडात जाते, मुलगी कोपीत. बारक्याला दूध-पाणी, भांडी, सरपण, दुपारची भाकर फडावर नेऊन देणं. तिसरी तऱ्हा घरीच असलेल्यांची. बाप दारूपायी पडून किंवा कर्जापायी गेलेला, आई मजुरीला, आणि थोरली मुलगी हीच धाकट्यांची आई.

शेजारच्या बीड जिल्ह्याचा एक आकडा सगळ्यांनी वाचला असेल. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली, शासनाने समिती नेमली, आणि ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचं निघालं. त्या वेळी डॉक्टर, मुकादम, कारखाने यांच्यावर बरंच लिहून आलं. एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. शस्त्रक्रियेनंतर ती बाई घरात पडून होती, तेव्हा हंडे कोण आणत होतं? तिला उठवून परसाकडे कोण नेत होतं? शेजाऱ्यांना विचारा. ‘पोरगी हाय की तिची. लई शहाणी हाय.’

हा ‘शहाणी’ शब्द आम्हाला आता खुपतो. वस्तीवर, शाळेत, बैठकीत, सगळीकडे तो कौतुकाने येतो. समंजस आहे, गुणी आहे, काही मागत नाही, आईला त्रास देत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो की जी व्यवस्था माणसाला राबवते ती त्याला एखादी शाबासकीही देऊन ठेवते. स्त्रीला ‘गृहलक्ष्मी’ म्हणायचं आणि मालमत्तेत नाव घालायचं नाही, हे आपण मनुवादी व्यवस्थेबद्दल तावातावाने बोलतो. आपल्याच घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला ‘शहाणी’ म्हणताना तीच चाल आपण खेळत असतो. शहाणपणाचा हा शिक्का एकदा बसला की मुलीला कंटाळा आला असं म्हणायची सोय राहत नाही. ती रडली तर आजूबाजूच्यांना धक्का बसतो.

यात आर्थिक हिशेबही आहे, आणि तो आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यायला हवा. उसाच्या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल त्या एका कोयत्यावर मिळते. तान्हं मूल असलेली बाई दिवसभर फडात वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, हे शक्य होतं कारण कोपीत दुसरं कुणीतरी ते तान्हं धरून बसलेलं असतं. म्हणजे उचल दोघांची आणि राबणारे तिघं. तिसऱ्याचं नाव मुकादमाच्या वहीत नाही, कारखान्याच्या पटावर तर आई-बापाचंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवायला सांगितलं होतं, पण तोडणारी बाई कारखान्याची कामगार धरली तर ना! रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद केली होती. आई कामावर असेल तर मूल कुणीतरी सांभाळावं लागतं आणि सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे सरकारला ठाऊक आहे. फडात मात्र ते काम फुकट होतं, कारण करणारी पोर ‘शहाणी’ आहे. आपल्या चहातल्या साखरेत त्या पोरीचाही वाटा आहे.

कायदा आणखी एका ठिकाणी डोळे मिटतो. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने कुटुंबाला मदत केली तर चालेल. वरवर वाजवी वाटतं. पण कोणत्या कुटुंबातलं मूल किती तास ‘मदत’ करतं? जनगणनेत घरकाम हे ‘काम’ धरलंच जात नाही. बालसंगोपन योजनेला आता सावित्रीबाईंचं नाव आहे, २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात, आई किंवा बाप नसलेल्या, आई-बाप गंभीर आजारी असलेल्या मुलांना ती लागू आहे. चांगली योजना आहे, पात्र असलेल्या प्रत्येक मुलाचा अर्ज आपण भरून घ्यायला हवा. पण त्या अर्जात मूल हे सांभाळलं जाणारं आहे. ते स्वतः कुणाला सांभाळतं, हे विचारणारा रकाना नाही.

आता कलेकडे येतो. ‘कार्यशाळा’ म्हटलं की आमच्याच काही मित्रांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या उगाच नाहीत. बाहेरून गाडी येते, मुलांना टोप्या मिळतात, एका तासात सगळ्यांकडून मोर काढून घेतला जातो, फोटो होतो, प्रमाणपत्र होतं, गाडी जाते. असल्या कार्यशाळेपेक्षा मुलांना तासभर झोपू दिलेलं बरं. दुसरी तऱ्हा आपल्या घरची. १४ एप्रिल जवळ आला की मुलींना एकसारख्या पांढऱ्या साड्या नेसवून रेकॉर्डवर नाच बसवायचा. तो उत्साह खोटा नसतो. पण त्यात मुलीला पुन्हा कुणीतरी सांगितलेलं बिनचूक करून दाखवायचं असतं. घरी तेच, इथेही तेच.

आम्ही गेले दोन हिवाळे रविवारी दोन तास बसतो. विहारात, आणि एका वस्तीवर विहार नाही तिथे अंगणवाडीच्या ओट्यावर. पहिली गोष्ट जी ठरवावी लागली तिचा कलेशी काही संबंध नाही: बारकं कुणाकडे द्यायचं? मुलगी कडेवर भावाला घेऊनच येते. त्याला घेऊन चित्र काढता येत नाही. त्याला घरी ठेवता येत नाही. म्हणून रंगांच्या आधी पाळणा बांधायला लागतो. आमच्याकडे एक-दोन आज्या बसतात आणि गावातले कॉलेजात जाणारे तरुण बसतात. होय, मुलगे. निळा गमछा घालून मिरवणुकीत पुढे नाचणाऱ्या पोराच्या मांडीवर दीड वर्षाचं शेंबडं मूल दिलं की तो अर्धा तास घामाघूम होतो. आमच्या मते समतेचं हे प्रशिक्षण कुठल्याही शिबिरापेक्षा सरस आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ९७, असं निघालं. ज्या पुरुषांनी दिवसभरात घरकामाला हातच लावला नाही, ते तर त्या सरासरीत मोजलेलेच नाहीत.

मग मुलं काय करतात? सुरुवातीला काहीच नाही. ‘काय काढू?’ असं विचारतात. स्वतःला काय हवं हे कुणी विचारलेलंच नसतं. आम्ही एक मोठा गोल काढून देतो, दिवसाचं घड्याळ, आणि सांगतो की ज्या कामाला जेवढा वेळ तेवढा त्या रंगाचा तुकडा. शाळा निळी, पाणी-भांडी तपकिरी, बारकं पिवळं, झोप काळी, खेळ हिरवा. एका मुलीने हिरवा रंग उघडलाच नाही. तिने तक्रार म्हणून ते केलं नव्हतं. सांगितलं तसं रंगवलं होतं, एवढंच. शेजारी बसलेल्या मुलाने तिच्या गोलाकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘हिचं तर माझ्यासारखंच हाय.’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. सांभाळणारं मूल एकटं असतं. आपल्या घरी जे चाललंय ते फक्त आपल्याच घरी, आणि बहुधा आपल्याच दोषामुळे, असं त्याला वाटत असतं. दोन गोल शेजारी ठेवले की तो गैरसमज जाऊ लागतो. आपल्या चळवळीची सुरुवात याहून वेगळी कुठे होती?

नाटकात आणखी गंमत. मुलांना मुकादम व्हायला फार आवडतं. मुकादम, शाळेतल्या बाई, दवाखान्यातली सिस्टर, दारू प्यायलेला काका. सत्तरच्या दशकात ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी शोषितांच्या रंगभूमीची एक रीत रुजवली, तिच्यात प्रेक्षकाने मध्येच उठून रंगमंचावर जायचं आणि प्रसंग बदलून दाखवायचा. आम्ही तेच करतो, फक्त बोआलचं नाव सांगत नाही. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला बाई बाहेर उभं करतात, असा प्रसंग मुलांनी केला. तिसऱ्या वेळी एक मुलगी उठली आणि बाई झाली. बाई म्हणाली, ‘आजोबांना बरं वाटतंय का?’ सगळी पोरं गप्प. शाळेने विचारायचा प्रश्न हाच, आणि तो त्यांना सुचला.

अर्थात आपल्याला हे बोआलकडूनच शिकायला हवं असं नाही. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना तिने डोक्यावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल लिहिले. एका शाळकरी मुलीला बाळंतपणाचे हाल कसे ठाऊक? जवळून पाहिलेले असणार, आणखी काय. तिच्या हातात लेखणी आली तेव्हा ती निसर्गावर लिहायला बसली नाही. पुढे सत्यशोधक जलसे आले, आंबेडकरी जलसे आले. आणि जात्यावरच्या ओव्या तर कायमच होत्या. मराठवाड्यातल्या बायकांनी दळता दळता भीमरायावर रचलेल्या ओव्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. राबणाऱ्या, सांभाळणाऱ्या बायकांची ती कला. आमच्याकडच्या मुलींना गाणं रच म्हटलं की जमत नाही, पण बारक्याला झोपवताना काय म्हणतेस विचारलं की पाळणा सुरू होतो, आणि दुसऱ्या कडव्यापासून शब्द तिचे स्वतःचे असतात.

एक सावधगिरी मात्र हवी. अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले आणि वामनदादा प्रौढपणी अक्षरं शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यावरून कष्टात वाढलं की कला आपोआप येते असा अर्थ काढणारेही भेटतात. तसं असतं तर आपल्या प्रत्येक वस्तीवर अण्णाभाऊ असता. अण्णाभाऊ एक झाले, न झालेले किती, त्याची नोंद नाही.

हलगीवरून आमच्याकडे वाद झाला, तोही सांगतो. मुलांना हलगी शिकवायची ठरली तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून गेले. आमच्या बापाने गावकीबरोबर ही टाकली, तुम्ही पुन्हा पोरांच्या गळ्यात अडकवता? त्यांचा राग आम्हाला कळतो. महाडनंतरच्या पिढीने ती लाचारीची कामं टाकली नसती तर आम्ही एमए झालो नसतो. पण पाटलाच्या दारात सक्तीने वाजवायची हलगी आणि विहाराच्या आवारात एका मुलीने स्वतः मागून घेतलेली हलगी एक नव्हे, असं आमचं मत आहे. ते काका अजून येत नाहीत. हलगी चालू आहे.

‘चित्रं काढून हंडा भरतो का?’ असं आम्हाला विचारतात. नाही भरत. म्हणून कार्यशाळा हा उपाय आहे असं आम्ही म्हणतच नाही. मिशन शक्तीतल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं, ते आमच्या तालुक्यांत गावोगाव हवं. ऊसतोड मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं जाहीर झाली, त्यातली आपल्या जिल्ह्यातली कुठे, कशी चालतात, हे विचारायला तरुणांनी गेलं पाहिजे. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथलं जेवण वेळेवर मिळतं का बघा. या मागण्या ग्रामसभेत आणि गावाच्या बाल संरक्षण समितीपुढे ठेवताना मुलांचे ते रंगवलेले गोल आम्ही नावं झाकून नेतो. निवेदन वाचून न हललेले ग्रामसेवक त्या गोलांवर मिनिटभर तरी थांबतात. नावं झाकणं महत्त्वाचं. आईच्या आजारपणाचं चित्र मुलाने विश्वासाने काढलेलं असतं, ते कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर जाता कामा नये, देणगीच्या पत्रकावर तर नाहीच.

पण मागण्या मान्य होईपर्यंत मुलांनी काय करायचं? वर्षं जातात, मुलं मोठी होतात. आठवड्यातले दोन तास कुणी त्यांच्याकडून काही उपयोगाची अपेक्षा करत नाही, एवढी एक जागा आपण आज देऊ शकतो. जागा आपल्याकडे आहे. गावोगाव विहार आहेत. खर्च कागद, खडू, पुठ्ठा आणि चहा-बिस्किटांचा. जयंतीत एका रात्रीच्या डीजेला जे मोजतो त्यात वर्ष निघेल.

अडचण पैशाची नाही, पंचांगाची आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास चालतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, दिवे लागतात, बायका-मुलं रोज येतात. समारोपाला खीर होते. आणि बरोबर त्यानंतर टोळ्या निघतात. वाचणारे गेले, ऐकणारे गेले, विहाराला कुलूप. ते उघडतं थेट एप्रिलमध्ये, रंग द्यायला. ज्या पाच-सहा महिन्यांत गावात राहिलेल्या मुलांना त्या जागेची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी त्याच महिन्यांत ती बंद असते.

म्हणून यंदा वर्षावासाच्या समारोपाच्या बैठकीत एकच विषय घ्या. किल्ली कुणाकडे राहणार? आमच्या एका वस्तीवर ती एका आजीकडे आहे. गुडघे गेल्यामुळे त्या तोडीला जात नाहीत. रविवारी दुपारी दोनला त्या दार उघडतात आणि पहिलं बारकं स्वतःकडे घेतात.